डबा गप्प राहिला तर

"स्पीकर कुठं फाटलाय ते कानाला कळत नाही, छातीला कळतं," असं म्हणत भोंगेमास्तरांनी दुकानात दुरुस्तीला आलेला शाळेचा भलामोठा स्पीकर दोन्ही हातांनी उचलला आणि त्याची पाठ आपल्या छातीला टेकवली. "आणि ही छाती तर आता नवीकोरी आहे. गॅरंटीवर. लावा मेहुणे, आवाज लावा!"

मेहुण्यानं बटण फिरवलं. स्पीकरमधून एक बाई बातम्या सांगायला लागली. मास्तरांनी डोळे मिटले, मान तिरकी केली.

"हां. खालच्या कडेला, डावीकडं, थोडं..."

एवढ्यावर ते थांबले. छातीत कुणाला तरी एकदम घाई झाली होती. अडखळत नाही, धडपडत नाही, तर एका तालात, कवायतीला निघाल्यासारखी. मास्तर जपून स्टुलावर बसायला गेले. स्टूल मेहुण्यानं मघाशीच बाजूला सरकवलं होतं. मास्तर फरशीवर, स्पीकर मांडीवर, आणि बाई हवामान सांगतच होती.

मेहुण्यानं त्यांना टेम्पोत आडवं घातलं आणि हॉस्पिटलकडं पिटाळलं. टेम्पोत एका गिऱ्हाईकाचे दुरुस्त झालेले भोंगे होते, ते उतरवायला वेळ कुणाला होता? एक भोंगा उशाला, एक पोटावर, अशा थाटात मास्तर गेले. वाटभर कवायत थांबली नाही.

मास्तरांनी जन्मात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. पण भोंगा दुरुस्त करताना ते गिऱ्हाईकाला समोर बसवून आवाज कसा तयार होतो ते सांगत, आणि सांगून झाल्याशिवाय वस्तू परत देत नसत, म्हणून हे नाव पडलं होतं. हृदयाचे ठोके मधेच गळायला लागले तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या खांद्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं आणि त्याच्या वायरी शिरेतून हृदयात सोडल्या. मास्तर तेव्हा टेबलावर जागेच होते.

"वायर जरा सैल ठेवा," ते म्हणाले होते. "ताणून बसवली की पहिल्या हिसक्याला सुटते."

"तेच करतोय, काका," डॉक्टर म्हणाले होते.

"सोल्डर कशानं करता?"

मग त्यांना झोपेचं औषध थोडं वाढवून दिलं होतं.

आता त्याच डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं. शेजारी बायको बसली होती आणि मागं मेहुणा, दोघंही पहारेकऱ्यांसारखे.

"काका, त्या स्पीकरच्या पाठीला काय असतं?"

"चुंबक. चांगलं शेरभर."

"चुंबक जवळ आलं की हे यंत्र तुमच्या हृदयाचं ऐकायचं बंद करतं. स्वतःच्या ठरलेल्या वेगानं ठोके देत सुटतं. चुंबक लांब गेलं की परत शहाणं होतं. एखाद्या वेळी बिघडत नाही, पण रोजचं झालं तर मला चालणार नाही. आणि लपवायचा प्रयत्न करू नका. पलंगाशेजारी डबा दिलाय ना, तो आम्हाला सगळं कळवतो."

"चुगलखोर आहे," मास्तर म्हणाले.

"आहेच. हा डबा महिनाभर गप्प राहिला तर दुकान उघडा. स्पीकर हातभर लांब धरून काम करायचं. डबा बोलला तर दुकान मेहुण्यांना देऊन टाका."

मेहुण्यानं नम्रपणे मान खाली घातली. तसा तो गुणी होता, पण त्यानं दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा दुकानात यायची ती गिऱ्हाईकाच्या भाऊबंदांसह यायची. मास्तर घाबरले ते हृदयासाठी नव्हे, दुकानासाठी.

घरी मास्तरांचा जीव रमेना. खिडकीपाशी जायचे, परत यायचे. पंख्याचा आवाज ऐकून त्याचं काय दुखतंय ते बायकोला सांगायचे. शेजाऱ्याचा टीव्ही भिंतीतून ऐकून म्हणायचे, "उजवा स्पीकर गेलाय त्याचा, आणि त्याला पत्ता नाही." जेवण झालं की बायको त्यांना आडवं करायची, अंगावर पांघरूण घालायची आणि दार लोटून घ्यायची. झोप यायची नाही. पण झोपलो नाही असं सांगितलं तर तीही तक्रार हॉस्पिटलात जाईल, या भीतीनं ते डोळे घट्ट मिटून घोरायचे, आणि घोरता घोरता कधीतरी डोळा लागायचाच.

पहिल्याच आठवड्यात हॉस्पिटलातून फोन आला. डब्यांवर लक्ष ठेवणारी एक मुलगी होती, तिचा.

"काका, परत चुंबक?"

"मी? घराबाहेर पाऊल नाही टाकलं, मुली."

"दुपारच्या वेळेला होतंय. रोज."

"डबा खोटं बोलतोय."

"डब्याला काय मिळणार हो काका खोटं बोलून?"

बायकोनं फोनवरचं सगळं ऐकलं होतं. ती कमरेला पदर खोचून उभी राहिली.

"कुठं लपवलंयत?"

"काय?"

"स्पीकर. अंथरुणात आहे की कपाटात?"

"अगं, तुझी शप्पथ..."

"माझी नका घेऊ. मला जगायचंय अजून."

तिनं भावाला बोलावून घेतलं. दोघांनी घर पिंजून काढलं. कपाटांच्या दारांना आतून बारकी चुंबकं होती, ती मेहुण्यानं उपटली. त्या दिवसापासून कपाटं आपली आपण उघडून येणाऱ्या-जाणाऱ्याला कपडे दाखवायला लागली. बायकोच्या पर्सचं बटण कापलं. फ्रीजच्या दाराच्या रबरात चुंबक असतं असं मेहुण्याला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्यानं रबरच सोलून काढलं आणि दार दोरीनं बांधलं. दूध नासलं. एवढं करून मेहुणा घाम पुसत म्हणाला, "दाजी, आता घरात खिळासुद्धा चिकटायचा नाही."

दोन दिवसांनी पुन्हा फोन आला.

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. मेहुण्याला घेऊन ते सरळ डॉक्टरांकडं गेले. बाहेरच्या बाकांवर नेहमीचे पेशंट बसले होते आणि आपापल्या दुरुस्तीचा तोरा मिरवत होते. एकाची हृदयातली झडप छाती न उघडता मांडीच्या शिरेतून बदलली होती, आणि तो येईल त्याला मांडी दाखवायला तयार होता. दुसऱ्याला रक्तातल्या चरबीसाठी रोजच्या गोळीऐवजी वर्षातून दोनदाच घ्यायचं इंजेक्शन सुरू झालं होतं, त्यामुळं तो उरलेलं वर्ष मोकळा होता. तिसरा बिनवायरीच्या यंत्राची गोष्ट सांगत होता, तिथं मास्तरांनी कान टवकारले. आत शिरल्या शिरल्या ते म्हणाले,

"डॉक्टर, हे यंत्र काढा. कॅप्सूलएवढं नवीन निघालंय म्हणे. बिनवायरीचं, थेट हृदयात बसतं. त्यातल्या काहींना चुंबकाचं काही पडलेलंच नसतं."

"खरंय. पण तुमचं आत्ताच बसवलंय. बॅटरी संपली की बघू."

"कधी संपते?"

"बरीच वर्षं जाते."

"मग मी लवकर संपवतो. पळू का रोज?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काका, खरं सांगा. दुपारी तुम्ही दुकानात जाता ना?"

मास्तरांनी शप्पथ घेऊन नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते खरं बोलत होते आणि कुणाला पटत नव्हतं. बाहेर आल्यावर मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी, दुकानाची किल्ली आत्ताच दिलीत तरी चालेल." मास्तरांनी किल्ली विजारीच्या आतल्या खिशात ढकलली.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांनी ठरवलं, आज झोपायचं नाही. चोर घरात आहे, तो पकडायचा. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि घोरणं सुरू केलं, थोडं जास्तच मनापासून.

दार किलकिलं झालं. पावलं आली. पांघरूण अलगद खाली सरकलं आणि छातीवर, यंत्राच्या शेजारी, काहीतरी गार टेकलं. लगेच आत कवायत सुरू झाली. मास्तरांनी एक पापणी केसभर उचलली.

पलंगाच्या कडेला बायको बसली होती. डोक्यावर मास्तरांचे जुने हेडफोन, मांडीवर बारकं अँप्लिफायर, आणि हातात पावडरच्या डब्याचं झाकण बसवलेली एक गोल वस्तू. ती मास्तरांनीच केली होती, लेक पाळण्यात होती तेव्हा. छोटा स्पीकर उलटा जोडला की तो माईकसारखा ऐकतो. झाकणात तो बसवून त्यांनी पाळण्याला टांगला होता, म्हणजे लेक रडली की हिला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. घरात त्याला 'कान' म्हणत. लेक मोठी झाली, लग्न होऊन लांब गेली, आणि कान माळ्यावर गेला होता.

हिला चुंबक माहीत नव्हतं असं नाही. जन्म भोंग्यांत गेला होता. पण तिच्या हिशेबी चुंबक बोलणाऱ्या वस्तूत असतं. ऐकणाऱ्या वस्तूत ते कशाला असेल?

"अगं ए!" हे शब्द मास्तरांच्या ओठांपर्यंत आले. एवढं म्हटलं की सुटले. चोर सापडला, डबा गप्प, दुकान आपलं, मेहुणा आपल्या घरी.

पण तिचे डोळे मिटलेले होते. आतल्या ठोक्याबरोबर तिची मान बारीकशी हलत होती. यंत्र बसवायच्या आधी, हॉस्पिटलात न्यायच्या दिवशी, मास्तर दुपारी ठोके गळून खुर्चीत असेच निपचित पडले होते. यांना झोप लागलीय असं समजून तिनं रेडिओ बंद केला होता, पडदा ओढला होता, आणि कितीतरी वेळ चवड्यांवर चालत भांडी घासली होती. त्यावर ती कधी एक शब्द बोलली नव्हती. मास्तरांनीही विषय काढला नव्हता.

ठणठण ठोके ऐकता ऐकता तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. तिनं सुस्कारा सोडला, झाकण उचललं, पांघरूण नीट केलं आणि चवड्यांवर बाहेर गेली.

मास्तर घोरत राहिले. थांबावं कसं ते त्यांना समजेना.

संध्याकाळी ती शेजारी गेली तेव्हा त्यांनी मेहुण्याला फोन केला. "एक बारका बझर आणा. घड्याळातला असतो तो, चपटी चकती. आणि सोल्डरचं सामान."

"कशाला, दाजी?"

"किल्ली हवीय ना? मग आणा, आणि तोंड बंद ठेवा."

चकतीत चुंबक नसतं, आणि तीही माईकसारखी ऐकते. मास्तरांनी माळ्यावरून कान काढला, झाकण उघडलं, स्पीकर काढून चकती बसवली, वायर सैल ठेवली, झाकण होतं तसं लावलं. जोड असा बसला की वा! किती दिवसांनी हातून काहीतरी दुरुस्त झालं होतं. काढलेला स्पीकर त्यांनी मेहुण्याला दिला आणि बजावलं, "हातभर लांब धरून न्या." मेहुण्यानं किल्लीसाठी हात पुढं केला. मास्तरांनी त्यावर चकतीचं रिकामं पाकीट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते जेवले, आडवे झाले, आणि नाटक न करता झोपी गेले. जीव भांड्यात पडला होता. कान छातीला टेकलेला त्यांना कळलासुद्धा नाही.

जाग आली ती जिन्यात. आपण तिरके आहोत, डोकं खाली आणि पाय वर, एवढं त्यांना समजलं. दोन अनोळखी माणसं स्ट्रेचर वळवता वळवता एकमेकांवर ओरडत होती.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"बोलू नका!" वरून बायको ओरडली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मंद पडलंय हो ह्यांचं! कालपर्यंत कसं धडाधड चालत होतं. आज ऐकलं तर एक ठोका, आणि मग थांबतंय... थांबतंय... मग दुसरा!"

"अगं, ते तसंच असतं..."

"बोलू नका म्हटलं ना!"

हॉस्पिटलात डब्यांवर लक्ष ठेवणाऱ्या मुलीनं मास्तरांच्या खांद्यावर आपलं उपकरण धरलं, पडद्याकडं बघितलं आणि हसली. "काका, आज एकदम सुरेख. हाच तुमचा खरा वेग. डबा पहिल्यांदाच गप्प आहे."

डॉक्टर म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की जमतं." मग डॉक्टरांचं लक्ष मागं उभ्या असलेल्या बायकोकडं गेलं. ती भिंतीला धरून उभी होती, घामानं भिजलेली. त्यांनी तिचं ब्लडप्रेशर मोजलं, आकडा बघितला, पट्टा काढून पुन्हा मोजलं. त्याच स्ट्रेचरवर तिला झोपवलं.

औषध दिल्यावर तिला झोप लागली. छातीला वायरी लावल्या होत्या, आणि पलंगाशेजारचं यंत्र बारीक आवाजात तिचा एकेक ठोका सांगत होतं. मास्तर लांबच्या खुर्चीत बसून ऐकत होते. आवाज जरा दबका येत होता. स्पीकर साधाच असणार. नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी खुर्ची उचलून पलंगाच्या अगदी जवळ आणली, बसले आणि मान तिरकी केली.

आवाज बंद पडला. पडद्यावर सरळ रेघ आली. मास्तर ताडकन उठले आणि असे ओरडले की तीन नर्स, एक डॉक्टर आणि जेवणाची गाडी ढकलणारी बाई, सगळे धावत आले. बायकोनं डोळे उघडून काय झालं म्हणून विचारलं.

खुर्चीच्या पायानं वायर उपटली होती.