कृपया घासू नये

संग्रहालयात माहितीच्या पाट्या लिहिणाऱ्या पाटीवाल्याकडे एकच काम होतं: ग्रीनलंड शार्क आणि नकाशासारखं दिसणारं दगडफूल यांची तुलना, चार ओळींत. शार्कचा पुतळा दालनात छताला टांगलेला, दगडफूल मागच्या अंगणात शिळेवर पसरलेलं. शार्क वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, दगडफूल अर्धा मिलिमीटर. पाटी तीन आठवड्यांत एक ओळ वाढली होती. एकूण तिघांचंही छान चाललं होतं.

तेवढ्यात दारात सफाईवाल्या मावशी उभ्या राहिल्या. हातात तारेचा ब्रश. शनिवारी त्या निवृत्त होणार होत्या.

"त्या दगडावर पिवळट डाग होते बघ. म्हटलं, जाता जाता लख्ख करून जावं. तर माळी ओरडला."

"मावशी, ते डाग चारशे वर्षांचे होते."

"मग चारशे वर्षांत कुणाला पाटी लावता आली नाही?"

पाटीवाल्याने टेबलावरची अर्धवट पाटी उलटी करून ठेवली.

मावशी स्टुलावर टेकल्या. "एकतीस वर्षांत एक काच फुटली नाही माझ्या हातून. आता निरोपाला सगळ्यांना तो दगडच आठवणार."

दोघं भिंग घेऊन अंगणात गेले. शिळा आरशासारखी चमकत होती. मावशींचा हातच तसा. शेवटी एका चिरेत, ब्रश पोचला नव्हता तिथे, मसुरीच्या दाण्याएवढा हिरवट पिवळा ठिपका सापडला.

"जिवंत आहे का रे?"

"आहे. बुरशी आणि शेवाळ. दोघांनी आत संसार थाटलाय."

"एवढ्याशा जागेत?" मावशींनी डोळ्यांना पदर लावला.

मागून साहेब आले. पाटीवाला एका दमात म्हणाला, "चूक माझी, साहेब. पाटी वेळेवर लागली असती तर मावशींनी हात लावला नसता."

साहेबांनी शिळेत स्वतःचा चेहरा बघितला. "पूर्ववत कधी होईल?"

"चारशे वर्षांत."

"म्हणजे माझ्या बदलीनंतर?"

"जरा नंतर."

"मग पुढचे साहेब बघतील," असं म्हणून ते चहाला गेले.

पाटी त्याच संध्याकाळी लागली: 'शार्क सुमारे दीडशे वर्षांनी वयात येतो. या दगडफुलाने नुकतीच पुन्हा सुरुवात केली आहे. दोघांनाही घाई नाही. कृपया घासू नये.'

शनिवारी भाषणांत दगडाचं नावही निघालं नाही. निघताना मावशी क्षणभर अंगणात डोकावल्या.

"पुढच्या वर्षी येईन बघायला. किती वाढेल?"

"अर्धा मिलिमीटर."

"बरं. चष्मा घेऊन येते."