पाच दिवसांचा बर्फ

मी एक जुनी मातीची परात आहे. आतून हिरवी झिलई, काठाचा एक टवका उडालेला. स्पेनमधल्या मालागाजवळच्या कोळीवाड्यात एन्कार्नाचं लग्न झालं, तेव्हा तिच्या आईने मला तिच्या हाती दिलं.

माझं काम एकच. मांदेलीएवढे रुपेरी बोकेरोन मासे एन्कार्ना अंगठ्याने चिरायची, काटा काढायची आणि कच्चेच माझ्यात पसरून वर व्हिनेगर ओतायची. दुसऱ्या दिवशी ते पांढरेशुभ्र व्हायचे. मग वरून लसूण आणि ऑलिव्हचं तेल. अख्खी गल्ली बोटं चाटायची आणि मीही, मित्रांनो, फुशारून जायचे. तिचा नवरा फेर्मिन होडीवरून आला की हात न धुताच माझ्यात बोटं घालायचा.

एका वर्षी ते खाऊन त्याच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ टम्म सुजले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, माशाच्या पोटात दोऱ्यासारखी कृमी असते, ती याला सोसत नाही. व्हिनेगरने ती मरत नाही. कच्चा मासा नकोच. अगदीच राहवलं नाही तर पाच दिवस गोठवलेला, आणि त्यातही धोका आहेच. एन्कार्ना फणकारली. तिची आजी, आई, सगळ्या ताज्याच माशाचं करत आल्या, कोण मेलं होतं?

तरी तिने वर्षभर मासे गोठवले. ते लिबलिबीत व्हायचे. कोळ्यांना सांभाळणाऱ्या कार्मेनमातेच्या उत्सवात शेजारणी म्हणाल्या, एन्कार्नाच्या हाताची चव गेली. फेर्मिनने एक घास खाऊन मला बाजूला सारलं. तेच तिला जास्त लागलं.

पुढच्या उत्सवाच्या आदल्या दिवशी होडीतून आलेले मासे तिने तसेच माझ्यात पसरले. माझ्या तळाशी एक पांढरं वेटोळं हललं. मला ते दिसलं, पण मातीला वाचा कुठली!

उत्सवाच्या दुपारी फेर्मिनने काटा-चमचा उचलला आणि थांबला.

"काय गं म्हातारे, बर्फात ठेवले होतेस ना?"

"पाच दिवस. गीळ आता मुकाट्याने."

तो हसला. सात-आठ मासे खाल्ले. ही खरी तुझ्या हाताची चव, म्हणाला. मातेची मूर्ती समुद्रात फिरवणारी होडी धक्क्यावरून सुटायच्या आत त्याचा गळा आवळत गेला. मिरवणुकीच्या गर्दीतून रुग्णवाहिकेला वाट मिळेना. तो परत घरी आला नाही.

एन्कार्नाने मला फोडलं नाही. फोडलं असतं तर बरं झालं असतं. दर उत्सवाला ती मला धुते आणि टेबलावर रिकामीच ठेवते.

मित्रांनो, वाढणाऱ्या हातावर खाणारा डोळे मिटून विश्वास टाकतो. त्याच्याशी खोटं बोलू नका, अगदी मायेपोटीसुद्धा.

उत्सवाला लेक येते, मला रिकामी बघते आणि दरवर्षी हळूच विचारते, "आई, तू गोठवले होतेस ना गं?"

एन्कार्ना माझा काठ पुसत राहते.

"पाच दिवस," ती म्हणते.