संकष्टीच्या दिवशीचं पाणी

मी इतिहास-भूगोल शिकवते आणि मला थर्माकोलच्या किल्ल्यांचा भयंकर राग आहे. दरवर्षी तालुक्याच्या प्रदर्शनात तीसेक शाळा आणि तीसेक किल्ले. बुरूज बापाने कापलेले, रंग आईने दिलेला, आणि पोरगं शेजारी उभं राहून पाठ केलेलं घडाघडा म्हणतं. यंदा हेडसरांना मी सांगून टाकलं, "सर, किल्लाच हवा असेल तर दुसऱ्या बाई बघा." ते म्हणाले, "मग काय करणार, राजश्रीबाई?" म्हटलं, "आमचं गाव."

मग नववीच्या पोरांनी प्लायवूडवर खाडी रंगवली. दोन्ही काठ, वाड्या, देऊळ, मशीद, जुना बाजार. प्रत्येक जागी एक बटण. दाबलं की दिवा लागतो आणि स्पीकरमधून त्या जागेची गोष्ट ऐकू येते, गावातल्याच कुणाच्या तरी आवाजात. वायरी, सर्किट, प्रोग्राम, सगळं पोरांचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माझं काम एकच, पोरांना भंडावून सोडायचं: हे तुला कुणी सांगितलं? आणि त्याला कुठून कळलं?

सतरा बटणं झाली. अठरावं अडलं. ते होतं तरीच्या धक्क्याचं.

खाडीवर पूल नव्हता तेव्हा माणसं पलीकडे जायची ती तरीतून. तर म्हणजे रमजानचाचांची मोठी होडी. हायस्कूल तेव्हा पलीकडच्या काठावर होतं, राजापूरची एस्टीही तिथवरच यायची. सत्त्याऐंशी साली, फाल्गुनातल्या संकष्टीला, संध्याकाळी साडेसहाला पलीकडून येताना ती होडी उलटली. अकरा माणसं होती, तीन गेली. त्यातली एक माझी थोरली बहीण राही. चौदा वर्षांची, शाळेतून घरी येत होती. माझे वडील रावजी, गावचे सरपंच, त्याच होडीत होते. ते वाचले. मी नऊ वर्षांची होते.

तेव्हापासून गावात एकच गोष्ट चालत आली. रमजान जादा भाड्याच्या लोभाने धक्क्यावर रेंगाळला आणि ओहोटीच्या पाण्यात होडी घातली. आप्पा, म्हणजे माझे वडील, मरेपर्यंत हेच सांगत होते. रमजानचाचांनी पुन्हा वल्हं हातात धरलं नाही. माझ्या आईने, हौसाने, अडतीस वर्षांत त्या माणसाचं नाव उच्चारलेलं नाही. वाटेत दिसला की ती पदर ओढून दुसऱ्या पाणंदीने जाते.

आणि नववीत पहिल्या बाकावर बसते आयात, रमजानचाचांची नात. नकाशाचं सगळं सर्किट तिचं. वर्गात भांडण झालं की अजूनही कुणीतरी तिला "बुडव्याची नात" म्हणतं. माझ्या कानावर आलं की मी त्याला वर्गाबाहेर उभा करते. पण हे खोटं आहे, असं मी कधी म्हटलं नाही. मलाही ते खरंच वाटायचं.

"धक्का राहू दे," मी म्हटलं. "सतरा पुष्कळ झाली."

"का बाई?" आयात म्हणाली. "अवघड जागा गाळायची नाही असं तुम्हीच सांगता."

पोरं अशी आपलंच बोलणं आपल्या गळ्यात घालतात. वर्गातल्याच ओमकारने मधला मार्ग काढला. धक्क्यावर गोष्ट नको, भरती-ओहोटी दाखवू. मला हायसं वाटलं.

आयातने आजोबांना विचारून रीत आणली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. ही झाली समुद्राच्या तोंडाशी, आमच्या धक्क्यापर्यंत पाणी चढायला आणखी अर्धा तास. ओमकारने त्याचा प्रोग्राम केला. तिथी टाका, घड्याळ फिरवा, की खाडीतले निळे दिवे एकेक करून लागत जातात आणि एकेक करून विझतात. पोरांनी महिनाभर धक्क्याच्या पायऱ्या मोजून रोज ताडून पाहिलं. पाव तासापलीकडे फरक नाही. मी तर फुशारून गेले, स्टाफरूममध्ये चार जणांना बोलावून दाखवलं.

एक दिवस तासाला आयातने कुणाला न विचारता चार हा आकडा टाकला.

"बाई, त्या दिवशी संकष्टी होती ना?"

मी मान हलवली.

"चारची पाऊणपट तीन. वर अर्धा तास. म्हणजे साडेतीनला पूर्ण भरती." तिने घड्याळ सव्वाचारवर आणलं. जवळजवळ सगळे दिवे लागलेले. "शाळा सुटायची, चारची एस्टी यायची आणि सव्वाचारला तर निघायची. रोजची वेळ. तेव्हा पाणी हे एवढं." मग तिने काटा साडेसहावर नेला. भराभर दिवे विझले. "आणि होडी उलटली तेव्हा हे. ओहोटी जोरात बाहेर निघालेली आणि संध्याकाळचा वारा समुद्रावरून आत. अशा वेळी होडी नाचते, आजोबाच सांगतात. ज्यांना हे एवढं कळतं ते सव्वादोन तास का थांबले?"

"भाड्यासाठी," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"कुणाचं भाडं?" आयात गर्रकन वळली. "चारच्या नंतर एस्टीच नव्हती. जुन्या कंडक्टरला विचारून आलेय मी. शाळेजवळची वाडी सोडली तर सात मैलांत दुसरी वस्ती नाही. भाडं आभाळातून पडणार होतं?"

माझ्या हातात खडू होता. मी फळ्याकडे तोंड केलं, कारण मला आप्पांचा आवाज ऐकू यायला लागला होता. ते नेहमी सांगायचे, "राजापूरची सभा पाचला सुटली, कुणाच्या तरी जीपने धक्क्यावर आलो, बघतो तर हा अजून तिथेच." शंभरदा ऐकलं असेल मी हे. जेवताना, पाहुण्यांसमोर, राहीच्या दिवसाला. पाचला राजापुरात असलेल्या माणसाला सव्वाचारची तर कशी मिळाली, हे मला एकदाही सुचलं नाही. इतिहास शिकवते म्हणे मी!

हे वाक्य वर्गात माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मी बोलले नसते तर गोष्ट तिथेच संपली असती. घंटा व्हायच्या आधी "तास संपला" म्हणून मी बाहेर पडले. फार लाज वाटली स्वतःची.

त्याच दुपारी रमजानचाचांकडे गेले. ते ओसरीवर सुपाऱ्या कातरत बसले होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, "चाचा, त्या दिवशी आप्पांसाठी थांबला होतात ना?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "राजू, जाऊ दे गो आता."

"जाऊ देणार नाही. सांगा."

"सकाळी जाताना सांगून गेला होता, मी आल्याशिवाय होडी सोडू नको. सरपंच होता तो. आला तेव्हा मी म्हटलं, पाणी वाईट आहे, आज सगळे इकडेच ऱ्हावा. म्हणाला, नेतोस की मी वल्हवू?"

"मग बोलला का नाहीत? होडीतली बाकीची माणसं का नाही बोलली?"

"ज्याची पोर गेली त्याला कुणी काय सांगायचं, तुझ्यापायी गेली म्हणून? तू सांगितलं असतंस?"

मला रागच आला. "आणि या पोरीला वर्गात काय म्हणतात ते माहीत आहे तुम्हाला?"

माहीत नव्हतं. त्यांचा चेहराच सांगत होता. आयात दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज साफ होता. "बाई, धक्क्याच्या बटणाला आवाज कुणाचा घ्यायचा?"

याचं उत्तर मी पोरांना वर्षभर शिकवत होते. ज्याला माहीत आहे, त्याचा. दुसऱ्या दिवशी संगणकाच्या खोलीत बसून मी बोलले. पहिल्यांदा शब्द चुकला, दुसऱ्यांदा बाहेर कुत्रं भुंकलं, तिसऱ्यांदा जमलं. "होडी सव्वाचारला निघणार होती. ती माझ्या वडिलांसाठी साडेसहापर्यंत थांबवली गेली. रमजान तरवाल्यांनी नको म्हटलं होतं." एवढंच.

प्रदर्शनाला पाच दिवस होते. आईला हे लोकांकडून कळता कामा नये, म्हणून घरी जाऊन मीच ऐकवलं. मोबाइल तिच्यापुढे पाटावर ठेवला.

ऐकून ती म्हणाली, "पूस ते."

"आई..."

"मेलेला माणूस उत्तर द्यायला येतोय होय गो? बाप होता तुझा! पोर गेल्यावर रात्र रात्र ओटीवर बसून असायचा. तू बघितलंस ना? पूस म्हणते ना!"

"बघितलं. पण नाही पुसणार."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला नाही म्हटलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि पाठ करून बसायची. मला सारखं वाटत होतं, काय मिळवलंस बये तू? म्हातारपणी आईचा नवरा तिच्यापासून हिरावून घेतलास. पुसून टाकू म्हणून मोबाइल दोनदा हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढून उठता उठता ती म्हणाली, "त्याला बोलाव."

"कुणाला?"

"रमजानला." नाव घेताना ती अडखळली. "मला एक विचारायचं आहे. तुझ्या बापाला विचारलं की तो उठून जायचा. आणि याचं तोंडच बघायचं नाही ठरवलेलं, मग विचारणार कशी? अडतीस वर्षं तसंच राहिलं."

चाचा चारच्या सुमारास आले. आयातने त्यांचा दंड धरला होता. ते खाली अंगणात, खळ्यातच उभे राहिले. आईने त्यांना ओटीवर बोलावलं, पाट दिला आणि समोर बसली. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

"राही घाबरली होती का रे?"

त्यांनी नाही म्हणावं, खोटं का होईना, असं मला मनापासून वाटलं.

"घाबरली होती, वहिनी," ते म्हणाले. "पण डब्याने पाणी उपसत होती. मोठी माणसं उभी राहत होती, तर त्यांना ओरडत होती, बसा म्हणून. उलटलो तेव्हा माझ्या हाताला लागली. धरून ठेवली मी. दुसऱ्या हाताला रावजी. दोघांना घेऊन पाय मारत होतो. मग ओढ आली, आणि हात सुटला तिचा. त्याचा नाही सुटला, तिचा सुटला." त्यांनी टोपीने तोंड पुसलं. "लोक भाड्याचं बोलत होते ते खोटं होतं. पण हात सुटला हे खरं होतं. म्हणून गप्प राहिलो."

आयातने आजोबांकडे पाहिलं. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"शेवटपर्यंत कुणी तरी धरलं होतं तिला," आई स्वतःशीच म्हणाली. "मला वाटायचं, एकटीच गेली." मग तिने वर पाहिलं. "कुठला हात?"

चाचांनी उजवा हात पुढे केला. माझ्या आईने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.