साहेब येईपर्यंत बंद

मी एक जुना पडदा आहे. वापरून वापरून जुना झालो असतो तर मिरवलं असतं. पण मित्रांनो, मी नुसता वाट बघून जुना झालो. पारनेर तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या नव्याकोऱ्या नाट्यगृहात मला टांगलं, आणि टांगून तसंच ठेवलं.

माझा जन्म केडगावचा. मच्छिंद्र नावाच्या शिंप्याने मला शिवलं. मखमल इतकी जाड की मशीनची सुई मोडायची आणि तो शिव्या मला घालायचा. पण चुण्या घालताना त्याने हात आखडता घेतला नाही. टेम्पोत चढवताना माझ्यावर थाप मारून तो म्हणाला, "जा बाबा. रोज उघड, रोज मीट. पडद्याला दुसरं काय लागतं?" मलाही तेच वाटलं होतं.

शाळेत मराठी शिकवणाऱ्या जयमालाबाईंनी नाट्यगृहाचा आराखडा करून घेताना इंजिनिअरच्या नाकी नऊ आणले होते. संस्थेच्या मंडळींना रंगमंच हवा होता तो सत्काराच्या खुर्च्या एका ओळीत मावतील एवढा रुंद, बस्स. बाईंनी भांडून दोन्ही बाजूंना विंगा मिळवल्या, मुलींना कपडे बदलायला वेगळी खोली मिळवली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना खास फळ्या ठोकून घेतल्या. मागच्या रांगेतल्या आजीलाही कुजबुज ऐकू आली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मला उघडायला मोटार बसवली, पण आपल्याकडच्या विजेचा काय भरवसा, म्हणून हाताने ओढायचा दोरही लावून घेतला.

सगळं लग्नघरासारखं सजलं. घोडं अडलं ते उद्घाटनापाशी.

मुख्याध्यापक आप्पासाहेबांनी ठरवलं होतं, की मोठे साहेब येतील, बटण दाबतील, मी उघडेन आणि तेच उद्घाटन. तोवर मला कोणी हात लावायचा नाही. बटणावर लाल फीत बांधली. साहेबांनी तारीख दिली, तर निवडणुकीची आचारसंहिता लागली. ती उठली, तर साहेबांचं पद गेलं. कोनशिलेवर त्यांचं नाव पदासकट कोरलेलं, ती उतरवून नवी करायला टाकली. दुसरे साहेब ठरले, तोवर पुन्हा आचारसंहिता. आप्पासाहेब माणूस वाईट नव्हते. पण मोठ्यांना दिलेला शब्द मोडायचा म्हटलं की त्यांना घाम फुटायचा.

खरं सांगतो, माझा जीव गुदमरायचा. माझं तोंड प्लॅस्टिकही न काढलेल्या रिकाम्या खुर्च्यांकडे. वरच्या झरोक्यातलं ऊन जिथे पडायचं तिथे माझा रंग विटला, काठ उंदरांनी कुरतडला, चुण्यांच्या आत मात्र मी कोराच राहिलो. हलायचं म्हटलं तर वाराही आत येत नव्हता.

जीव होता तो माझ्या पाठीमागे. तालमीपुरतं मागच्या दाराने यायला मुलांना परवानगी होती. त्यात ज्ञानेश्वरी होती. ती आठवीत असताना बाईंनी तिला सांगितलं होतं, की पडदा उघडेल तेव्हा पहिलं नाटक तुमचंच. तेव्हापासून ती रोज तालीम संपली की माझ्या चुणीत तोंड खुपसून फटीतून खुर्च्या बघायची. तिचा गरम श्वास मला लागायचा. कोंडलेला काय मी एकटाच होतो?

बघता बघता ती दहावीला आली. एसटीची वाट बघणाऱ्या मुलींवर तिने स्वतः नाटक लिहिलं. पुढच्या वर्षी ती कर्जतला मावशीकडे शिकायला जाणार होती. म्हणजे हे स्नेहसंमेलन शेवटचं. आताही मी उघडलो नसतो, तर तिचं नाटक माझ्या पाठीमागेच विरलं असतं.

संमेलनाला साहेब नक्की येणार होते. खुर्च्यांची प्लॅस्टिकं निघाली, गावोगावचे पालक दाटीवाटीने बसले. सकाळची दुपार झाली. फोन यायचे, 'निघालेत, निघालेत.' शेवटी निरोप आला, की साहेब दुसऱ्या कार्यक्रमात अडकले, पुढच्या महिन्यात बघू. आप्पासाहेबांनी माझ्यापुढे उभं राहून हात जोडले आणि सांगितलं, नाटक तेव्हाच होईल. पुढच्या महिन्यात दहावीची परीक्षा.

माझ्यामागे मुली रडू लागल्या. ज्ञानेश्वरी रडली नाही. ती बाईंना म्हणाली, "बाई, पडदा उघडायचा न्हाई म्हनलेत. नाटक करायचं न्हाई, असं कुठं म्हनलेत?"

बाईंनी रंगमंचावरचे दिवे लावले.

आणि बंद पडद्याआड नाटक सुरू झालं. उठू लागलेली माणसं पुन्हा बसली. बाईंनी भांडून लावलेल्या फळ्या त्या दिवशी कामी आल्या, शब्दन् शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचला. एसटी न थांबताच गेली तशी बाया हसल्या, आणि पोरगी पायी निघाली तशा गप्प झाल्या. मला तेवढी लाज कधी वाटली नव्हती. मी मध्ये उभा होतो, भिंतीसारखा.

मागच्या रांगेतून ज्ञानेश्वरीची आजी, राहीबाई, उठून उभी राहिली. ती शांतपणे म्हणाली, "सर, आवाज लई ग्वाड येतोय. पन माझी नात मला दिसंना. आमी काय रेडिओ ऐकाया आलोय व्हय?"

कोणी हसलं नाही. आप्पासाहेब उठले, लाल फीत सोडली आणि बटण दाबलं. मोटार घुरघुरली आणि गप्प झाली. न वापरून तीही गंजली होती. तेव्हा त्यांनी कोट काढला आणि विहिरीतून पोहरा ओढावा तसा दोर ओढायला लागले. माझ्यावरची सगळी धूळ त्यांच्या डोक्यावर पडली. मी कुरकुरलो, अडखळलो आणि उघडलो.

उजेडात ज्ञानेश्वरी उभी होती. तिने आधी आजीकडे पाहिलं, मग पुढचं वाक्य म्हटलं.

मित्रांनो, आता मी रोज उघडतो, रोज मिटतो. काठ फाटलाय, पण मुलींनी ठिगळ लावलंय. तुम्हाला एवढंच सांगतो, चांगली वस्तू कुणा मोठ्या हातासाठी राखून ठेवू नका. न वापरलेली वस्तूही जुनी होतेच, आणि तिच्यासाठी थांबलेली पोरं मोठी होऊन निघून जातात.

बाहेरच्या नव्या कोनशिलेवर एक छोटा सॅटिनचा पडदा आहे. तो अजून बंदच आहे. माझी सुटका झाली तशी आपली का होत नाही, असं तो मला विचारतो. मी त्याला काय सांगणार? त्याच्यामागे नुसतं एक नाव आहे. माझ्यामागे मुलं होती.