उजव्या कानातली टिकटिक

तीन वेळा गाऊन झालं, आणि तिन्ही वेळा पदातल्या त्या शांत जागेत टिकटिक आलीच.

मांगेरे उपनगरातल्या भावाच्या घरी मागची खोली. लग्नकार्यासाठी जपलेल्या चटया भिंतींना टेकवून ठेवलेल्या, मधे स्टुलावर मेलेसिउ आत्या. समोर माइक, डोक्यावर हेडफोन, हातात आवाजाच्या बटणाची वायर. भाचा सेमिसि लॅपटॉपपाशी जमिनीवर बसलेला. त्यांच्या रीतीत आत्या उंचावर असताना भाच्याने खुर्ची घ्यायची नसते.

पद छान चढत जाई. मात्र प्रभूचं नाव घेण्याआधी चार मात्रा गप्प राहायचं, की सगळी सभा श्वास रोखते. नेमकं तिथेच, ताल धरायला हेडफोनमध्ये लावलेला ठेका गळून माइकात शिरे. टिक, टिक, टिक, टिक. जणू देवाच्या दारात कुणी चपला आपटतंय.

"हा माइक फार तिखट कानाचा आहे, आत्या," सेमिसि खाली बघत म्हणाला. "हेडफोन जरा घट्ट बसले असते तर..."

"घट्टच आहेत. तुझ्या बापाला कडेवर घेऊन फिरलेय मी, मला बसवायला शिकवतोस?"

"नाही हो. मी माइकला बोलतोय."

उठून हेडफोन दाबले असते तर काम झालं असतं. पण आत्याच्या डोक्याला हात लावायचा? हात झडेल!

मेलेसिउला कारण ठाऊक होतं. ईस्टरपासून तिचा उजवा कान गेला होता. निदान कुजबुज तरी येईल, या आशेने ती बटण गुपचूप चारवरून नऊवर नेई. सव्वीस वर्षं देवळात पहिला सूर तीच लावत आली. पेटी नाही, काही नाही; ती लावेल तो सूर. हे कळलं तर पाद्रीबाबा घरी येतील, चहा पितील, प्रेमाने म्हणतील, "आता आराम करा." रागाने काढलेला माणूस भांडून परत येतो. प्रेमाने काढलेल्याला परतीची वाट नसते.

आणि आज शनिवार. सूर्य मावळला की रविवारचा विसावा लागतो, मग पद पाठवायचं राहिलंच. उद्या यंत्राला हात नाही, आणि सोमवारी सात देवळांच्या मंडळ्या याच आवाजावरून शिकणार.

चौथ्यांदा गाणं झालं. टिकटिक. सेमिसिने आत्याच्या हातातल्या बटणाकडे पाहिलं, आणि चटकन नजर चटईकडे वळवली. पोराने पाहिलं. आता हा बोलणार नाही, जन्मभर बोलणार नाही, आणि पद असंच चपला आपटत जाणार.

"सेमिसि, उजवीकडचा आवाज बंदच करता येतो का रे?"

"येतो. पण तुम्हाला..."

"तिकडे कुणी राहत नाही आता."

त्याने उजवी बाजू बंद केली, डावी चारवर आणली. पण डावीकडे अंबाड्यामुळे फट राहत होती. मेलेसिउने त्याचा हात धरला आणि आपल्या डोक्यावर, डाव्या हेडफोनवर ठेवला.

"दाब. देवाने हात कशाला दिलाय?"

ती गायली. चार मात्रा आल्या. बाहेर काहीच वाजलं नाही. तिला भाच्याची नाडी तेवढी कळत होती. मग तिने नाव घेतलं.

ऐकून झाल्यावर सेमिसिने डोळे पुसले. "एकदम स्वच्छ."

"आणि उद्या? देवळात हा कान कोण झाकणार?"

"मी तुमच्या उजवीकडे उभा राहीन, आत्या. तिकडून कुणाला बोलूच देणार नाही."

"आणि पाद्रीबाबांनी विचारलं तर?"

सेमिसि वायर गुंडाळत राहिला. बाहेर ऊन कलत होतं. "पद आधी पाठवू या," तो म्हणाला.