उसन्या काठ्या

बायकोला, शिवम्माला, माती देऊन पाच-सहा दिवस झाले असतील. मन्मथआप्पा सकाळी दार उघडायला गेले तर बाहेरून काहीतरी दाराला टेकलेलं होतं. दार ओढताच ते खडखडत उंबऱ्यात पडलं. वाकून बघितलं तर काठी. शिसवाची, वर पितळी वाघाच्या तोंडाची मूठ. ती आप्पांचीच होती. आष्टीच्या बाजारात भंगाराच्या ढिगातून त्यांनी ती उचलली होती आणि तिथूनच त्यांना जुन्या काठ्यांचा नाद लागला होता.

ती आत भिंतीवर असायला हवी होती. आप्पा ती मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिले. उभं राहून विचार करायचं बळ नव्हतं. शिवम्मा गेल्यापासून त्यांचं असंच चाललं होतं. एखादं काम हातात घ्यायचं, ते अर्ध्यात सोडायचं आणि बसायचं. किराणा दुकानाची फळीही दोनदाच उघडली होती. तेव्हाही गिऱ्हाईक बोलत राहिलं आणि यांनी साखरेच्या जागी मीठ तोललं.

समोरून धोंडीराम दुधाचा तांब्या घेऊन आला. दोघं एका शाळेत शिकलेले, एका वर्गात नापास झालेले. धोंडीरामाने काठी बघितली आणि मान हलवली.

"काय बे मन्मथ, सुरू झालं म्हणायचं."

"काय सुरू झालं?"

"परत यायला लागल्या की काठ्या. ही आमच्या पोराच्या, हनुमानाच्या सासूकडं होती. गेलेल्या माणसाची उसनी चीज घरात ठिवू न्हाई. ठिवली तर ते माणूस मागायला येतंय. तुला म्हाईत न्हाई का?"

"ते म्हाईत हाय. पण उसनी कावून? मी कुणाला दिली न्हाई."

"तू कशाला देतूस? तू तर काठीला हात लावला तरी फडक्यानं पुसायचास." धोंडीराम हसला, आणि मग हसणं बरं नाही असं वाटून थांबला. "वहिनी द्यायच्या. सगळ्या वडगावाला म्हाईत हाय. तुलाच तेवढं न्हाई."

आप्पा आतल्या खोलीत गेले. शिवम्मा अंथरुणाला खिळल्यापासून ते तिकडे फिरकले नव्हते. दिवा लावला आणि दारातच उभे राहिले. भिंतीवर ओळीने खुंट्या होत्या आणि त्यातल्या निम्म्या रिकाम्या होत्या. ज्या काठ्या उरल्या होत्या त्या सगळ्या दिमाखाच्या. चांदीची मूठ, नक्षीकाम, अंबाजोगाईच्या एका जहागीरदाराच्या घरातून आणलेली सापाच्या वेटोळ्याची. धरून चालायच्या साध्या, बळकट काठ्या तेवढ्या गेलेल्या होत्या. शिवम्माला पारख होती म्हणायची.

पुढच्या दिवसांत त्या एकेक करून येत राहिल्या. कुणी गुपचूप दाराला टेकवून गेलं, कुणी आत येऊन बसलं, डोळ्याला पदर लावला आणि निघताना सांगितलं. प्रत्येकाकडे सांगायला एक पाय होता. कुणाचा गुडघा, कुणाचा घोटा, कुणी पंपावर जाताना बांधावरून घसरलेलं. कपिलधारच्या यात्रेला गेलेल्या बायकांनी तर तीन काठ्या एकदम नेल्या होत्या. चढउताराला बऱ्या पडतात म्हणून.

"मी आले की शिवम्माकाकू आधी इचारायच्या, कोणता पाय?" कुंभाराची मोहिनी सांगत होती. "डावा म्हणलं की काठी उजव्या हातात द्यायच्या. मी म्हणलं, काकू, दुखतंय इकडं आन् काठी तिकडं? तर म्हणल्या, दुखतंय त्याला भार नको, म्हणून दुसरीकडनं धरायचं. संसारात बी तसंच असतंय."

आप्पांनी काठी हातात घेऊन खालून बघितली. पितळी शेंबी, म्हणजे टोकाची टोपी, गायब होती. तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेने आवळला होता.

"हे काय?"

"फरशीवर घसरती की आप्पा. म्हणून बसिवलं."

दुसऱ्या एका काठीवर कुत्र्याच्या दातांचे व्रण होते. एकीवर दोडक्याचा वेल चढवला होता, त्याचे सुकलेले तणावे अजून मुठीला चिकटलेले होते. आणि सुंदररावांनी आणली ती तर गुप्ती होती, आत पातं असलेली काठी. आप्पांनी ती आयुष्यात दोनदाच उघडली असेल.

"लई कामाची हाय," सुंदरराव मनापासून म्हणाले. "कलिंगड एका घावात."

आधीचे आप्पा असते तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता ते फक्त "ठेवा तिकडं" म्हणाले. कोपऱ्यात काठ्यांची गर्दी झाली. त्यांनी त्या पुसल्या नाहीत, तेल लावलं नाही. तेल शिवम्माच लावायची. महिन्याच्या शेवटी ते काठ्या काढून द्यायचे आणि ती चिंधीने जवसाचं तेल चोळायची. चोळताना कुठली काठी कुणाच्या उंचीची आहे हे ती बघत असणार, आणि तेलाच्या दिवसापुरत्या दिलेल्या काठ्या परत मागवून घेत असणार, हे त्यांना आता कळत होतं.

पण त्यांना हवी होती ती काठी येत नव्हती.

ती वेताची होती, पोपटाच्या चोचीसारख्या मुठीची. शिवम्माच्या पायातलं बळ गेलं तेव्हा भिंतीवरची एकही काठी तिला पुरेना. सगळ्या उंच पुरुषांच्या, आणि ती बुटकी. तेव्हा आप्पांनी ती वेताची काठी खाली उतरवली आणि करवतीने कापली. आजवर त्यांनी एकही काठी कापली नव्हती. जुनी काठी कापली की ती संपली, असं ते सगळ्यांना सांगायचे. त्या दिवशी काप तिरपा गेला आणि शेंबीही तिरपी बसली. शिवम्मा चालायची तेव्हा अंगणात गोल खूण उमटायची नाही, नखासारखी अर्धी उमटायची. उन्हाळाभर त्यांच्या अंगणात त्या खुणा होत्या. माती द्यायला आलेल्या माणसांच्या पायांखाली त्या पुसल्या गेल्या.

ती काठी कुठे गेली हे त्यांना समजत नव्हतं. पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं, दुकानात पोत्यांच्या मागे बघितलं. लातूरला असणारी त्यांची मुलगी कावेरी रोज फोन करायची. तिलाही विचारलं.

"बाबा, तुमी काठ्यांचं काय घेऊन बसलात? इकडं या म्हणते तर येत न्हाईत."

"येतो. पण ती तेवढी सापडू दे."

"सगळ्या त्या अमरसिंहांना देताय ना?"

"त्या देतो. ती न्हाई."

अमरसिंह आष्टीकडचे पुढारी. शेतात मोठा बंगला बांधला होता आणि दिवाणखान्याच्या भिंतीला जुन्या काठ्या लावायचं त्यांच्या मनात होतं. फार दिवसांपासून मागत होते. आप्पांनी परवा होकार कळवला होता, मोल न घेता. नाद पुरे झाला होता. सगळं द्यायचं, घर बंद करायचं, कावेरीकडे जायचं. फक्त ती एक काठी सोबत न्यायची आणि उशाशी टेकवून ठेवायची. एवढंच त्यांना हवं होतं, आणि एवढंच मिळत नव्हतं.

कावेरीला काहीतरी आठवलं. मग म्हणाली, "बाबा, मी तिथं होते तेव्हा सरस्वतीबाई आल्त्या आईकडं. आईनं मला चहा करायला बाहेर पाठवलं. जाताना त्यांच्या पदराखाली काहीतरी लांबडं होतं. मला वाटलं झाडू असंल."

सरस्वतीबाईचं घर ओढ्याच्या अंगाला, गावाच्या टोकाला होतं. नवरा कधीचा गेलेला, मुलगा आणि सून शेतात. आप्पा वाटेत दोन ठिकाणी बसले. लोकांनी रामराम घातला, त्यांनी हात वर केला. पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. म्हातारी दारात बसून शेंगा निवडत होती. आप्पांना बघून तिने सूप जवळ ओढलं.

"या आप्पा. बसा. सत्यशीला, पाणी आण गं."

सून पाणी घेऊन आली. आप्पांनी तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला.

"बाई, शिवम्माची काठी तुमच्याकडं हाय का?"

"माझ्याकडं? न्हाई की."

"वेताची. पोपटाच्या चोचीची."

"न्हाई आप्पा. असती तर दिली न्हसती का आणून? गेलेल्याची चीज कोण ठिवतंय घरात?"

सून दारातच थांबली होती.

आप्पांनी मान खाली घातली. अंगण शेणाने नुकतंच सारवलेलं होतं, अजून पुरतं वाळलेलं नव्हतं. दारापासून ओढ्याकडच्या कुडापर्यंत एक ओळ गेलेली होती. नखासारख्या खुणा, एकामागे एक. कुठे दाट, कुठे लांब, वळणावर जास्त दाबलेल्या. आप्पा त्या बघत राहिले. ओरडावंसं वाटलं नाही. त्यांनी तांब्या उचलला आणि ते पुन्हा पाणी प्यायले.

सरस्वतीबाईनेही खुणांकडे बघितलं. मग तिने सूप बाजूला सारलं.

"सत्यशीला, कुडाच्या मागनं आण."

"घरात ठिवत न्हाईत त्या," सून हळूच म्हणाली. "भेव वाटतंय म्हणून बाहेर ठिवत्यात. झोप बी न्हाई त्यांना धड. दार वाजलं की उठून बसत्यात, शिवम्मा आली म्हणत्यात."

काठी आली. आप्पांनी ती घेतली. मूठ गुळगुळीत झाली होती आणि एका बाजूला जरा काळी पडली होती, शिवम्माचा अंगठा यायचा तिथे.

"मी चोरली न्हाई," म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं, राग होता. "मी बी तिच्याएवढीच बुटकी. दुसरी कुठलीच काठी मला पुरत न्हाई. तिनं मला बोलवून घेतलं आन् ही दिली. म्हणली, माझं चालणं सरलं, तू घेऊन जा. मी म्हणलं, न्हाई बाई, मग परत करावी लागल. तर म्हणली, करू नको. म्हणली, ह्यांच्या हातात ही काठी गेली की हे ती भिंतीला लावतील, खाली चटई टाकतील आन् तिथंच बसतील. दुकान उघडणार न्हाईत, जेवणार न्हाईत. तू ने. तुझ्या हातात चालंल तरी."

"असं म्हणली?"

"असंच. देवाशप्पथ. मी दोन येळा आणून द्यायला निघालते. पण ओढ्याच्या उतारावर काठीबिगर कशी येऊ? आन् काठी घेऊन आले तर परत जाऊ कशी?"

सत्यशीलाला हसू आलं. तिने पदर तोंडाशी धरला. सरस्वतीबाईने तिच्याकडे डोळे वटारले आणि मग स्वतःही जराशी हसली.

आप्पा हसले नाहीत. काठी त्यांनी मांडीवर आडवी धरली. शिवम्मा खोटं बोलली नव्हती. त्यांनी तसंच केलं असतं. लातूरला नेली असती तरी उशाशी ठेवून त्यांनी तसंच केलं असतं.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "काठी शिवम्माची होती ना?"

"होय."

"ती मी परत घेतली. सत्यशीला, तू बघितलं ना? उसनी चीज परत आली. मिटलं. आता शिवम्मा कुणाकडं मागायला यायची न्हाई."

म्हातारीचा हात गुडघ्यावर गेला. तिला वाटलं, झालं, गेली काठी.

"आता ही माझी हाय," आप्पा म्हणाले, "आन् मी ती तुमाला देतोय. माझी उसनी. मी गेलो की आणून द्या."

"तवर मी ऱ्हाते व्हय आप्पा?"

"मग तुमी गेल्यावर सत्यशीला आणून देईल. कुणी तरी कुणाला तरी देईल. घ्या."

तिने काठी घेतली. लगेच, हिसकावल्यासारखी. आप्पांचे हात मोकळे झाले आणि आता ते कुठे ठेवावेत हे त्यांना काही वेळ समजेना. उठताना ते जोत्याला धरून उठले. सत्यशीला म्हणाली, चहा टाकते. ते नको म्हणाले. अंगण ओलांडताना त्यांनी पाय त्या खुणांवर पडणार नाहीत असे टाकले.

अमरसिंह ठरल्याप्रमाणे आले. जीप दारात उभी राहिली. त्यांच्या माणसांनी भिंतीवरच्या काठ्या उतरवून घोंगड्यात गुंडाळल्या. सापाच्या वेटोळ्याची त्यांनी स्वतः हातात धरली, उन्हात फिरवून बघितली आणि "वा" म्हणाले. मग कोपऱ्यातली गर्दी बघितली. ट्यूबचे तुकडे, तारा, व्रण. वाघाच्या तोंडाची उचलली, खाली ठेवली.

"ह्या खराब झाल्यात आप्पा. ह्यांचं काय करायचं? दिवाणखान्यात बऱ्या दिसायच्या न्हाईत."

"राहू द्या त्या."

गुप्ती मात्र ते मागून घेऊन गेले. सुंदररावांना वाईट वाटलं.

रिकामी भिंत आप्पांना वाटली होती तेवढी बोचली नाही. तशी बरीही वाटली नाही. खुंट्यांच्या खाली चुना जिथे झाकलेला होता तिथे पांढरा होता, बाकी पिवळट. कावेरीचा फोन आला, कधी येताय. ते म्हणाले, येतो, बघतो. कोपऱ्यातल्या काठ्या त्यांनी दोन खेपांत दुकानात आणल्या आणि गुळाच्या ढेपेजवळ रिकाम्या डब्यात उभ्या केल्या. तेवढ्याने दम लागला. फळी उघडीच राहिली, कारण बंद करायला उठणं जिवावर आलं होतं.

धोंडीरामाची वैष्णवी, त्याची थोरली सून, लंगडत आली आणि फळीला धरून उभी राहिली.

"आप्पा, आमच्या सासऱ्यांनी पाठवलं. पाणी भरताना पाय मुरगाळला. म्हणले, काठी मिळंल तिथं."

आप्पा पोत्यावर बसले होते. त्यांनी डब्याकडे हात केला. काठी काढताना त्यांना उठावं लागलं, आणि उठल्यावर त्यांनी तिच्या मनगटापर्यंत उंची डोळ्यांनी मापली. ट्यूबवाली निवडली. देता देता हात थांबला.

"कोणता पाय?" त्यांनी विचारलं.

"उजवा."

"मग डाव्या हातात धर," आप्पा म्हणाले, आणि पुन्हा पोत्यावर बसले.