पाण्यात सोडलेला कान

मित्रांनो, मी एक जुना कान आहे. मला डोकं नाही, डोळे नाहीत आणि तोंडही नाही. आहे ती वीस मीटर लांब काळी वायर. तिच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला एक बटणाची डबी आणि डबीला जोडलेला हेडफोन. हायड्रोफोन हे माझं कागदावरचं नाव. पण दक्षिण समुद्रातल्या वावाऊ बेटाच्या बंदरात त्या नावानं मला कुणी ओळखत नाही. ‘लूपे’ बोटीचा कान, एवढंच लोक म्हणतात, आणि मलाही तेच आवडतं.

माझं काम ऐकण्याचं. गाणारा देवमासा वरून दिसत नाही. तो पाण्यात डोकं खाली करून लटकतो आणि पाव-पाव तास वर येत नाही. लांबून आलेले पाहुणे बोटीच्या कठड्याला टेकून समुद्राकडे बघत बसतात, आणि समुद्र त्यांना काही म्हणजे काही दाखवत नाही. अशा वेळी इंजिन बंद करून मला पाण्यात सोडतात. आवाज लहान आला तर देवमासा लांब आहे, मोठा आला तर जवळ. मग बोट थोडी पुढे न्यायची, पुन्हा मला सोडायचं, पुन्हा ऐकायचं.

माझा जन्म न्यूझीलंडमधल्या एका घराच्या मोरीत झाला. रोवेना नावाच्या एका संशोधक बाईंनी मला घडवलं, काळ्या रबरात गुंडाळलं आणि पाण्यानं भरलेल्या बादलीत सोडलं. गळक्या नळाचा थेंब हा मी ऐकलेला पहिला आवाज. त्या थेंबानं मी इतका चकित झालो होतो की समुद्र ऐकल्यावर माझं काय झालं असेल, ते तुम्हीच ठरवा! खाली नुसत्या कोळंब्याच एवढ्या तडतडतात की कुणीतरी दिवसभर लाह्या भाजतंय असं वाटतं. आणि त्या लाह्यांच्या पलीकडून देवमाशाचं गाणं येतं. आधी गंजलेलं दार कुरकुरतं, मग गाय हंबरते, मग कुणीतरी लोखंडी खाट फरशीवरून ओढतं. हे सगळं ठरलेल्या क्रमानं. एका हंगामात सगळे नर एकच गाणं गातात आणि पुढल्या वर्षी सगळ्यांचं गाणं बदललेलं असतं. बदल कोण ठरवतं? बाकीच्यांना कोण कळवतं? अकरा वर्षं मी ह्यावर विचार करतोय. अजून पत्ता लागलेला नाही.

रोवेनाबाई तीन हंगाम ‘लूपे’वरून हिंडल्या आणि परत जाताना मला बोटीचा मालक फेलेती याच्या हवाली करून गेल्या. फेलेती म्हणजे मोजकं बोलणारा, रुंद खांद्यांचा माणूस. उमेदीची चाळीस वर्षं त्यानं इंजिनाच्या शेजारी काढलेली. तो हेडफोन लावायचा, क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, “दोन आहेत. एक जवळ, एक त्या बेटामागं.” आणि ते खरं निघायचं! टेकडीवरच्या पाहुणेघराची मालकीण आपले सगळे पाहुणे डोळे झाकून ‘लूपे’वर पाठवायची. ‘फेलेतीला देवमासे नावानं ओळखतात’ असं लोक म्हणत. त्यातला अर्धा मान माझा आहे, असं मला वाटे. खोटं कशाला सांगू, मी फुगलो होतो.

मग अकरावा हंगाम आला. फेलेती हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबू लागला. डबीवरचं बटण शेवटपर्यंत फिरवू लागला. आणि म्हणू लागला, “काही नाही.”

मित्रांनो, मला तर सगळं ऐकू येत होतं! दार, गाय, खाट, सगळं. पण वरून आवाज यायचा, “काही नाही,” आणि इंजिन सुरू व्हायचं. गाणारा देवमासा मागं टाकून आम्ही पुढे जायचो. पहिल्यांदा मला गंमत वाटली. मग कोडं पडलं. मग भीती वाटली. मला ऐकू येतंय असं मला वाटतंय, पण हे खरं कशावरून? कदाचित मी बहिरा झालो असेन आणि ही नुसती जुन्या गाण्यांची आठवण असेल. बहिऱ्याला आपण बहिरे झालो हे कळतं तरी कसं?

फेलेतीनं नवी बॅटरी घातली. जोडाची पिन घासली. वायर बोटाबोटानं चाचपली. शेवटी मला बादलीत टाकून तो आपल्या मुलीला म्हणाला, “म्हातारं झालंय. वायर मात्र चांगली आहे. डुकरीण बांधायला होईल.”

मुलीचं नाव लोलोहेआ. पाहुण्यांना सांभाळणं, त्यांना पाण्यात उतरवणं, वर घेणं हे सगळं तीच बघे. तिचे कान तिखट. मग तिनं एकदा हेडफोन लावून का पाहिला नाही, असं तुम्ही विचाराल. नाही लावला. लावताच येत नाही. आमच्याकडे बापाच्या ताटात उरलेलं मुलं खात नाहीत, बापाच्या डोक्याला हात लावत नाहीत आणि बापाच्या डोक्यावर बसलेली वस्तू आपल्या डोक्यावर चढवत नाहीत. पाहुण्यांनी ऐकावं म्हणून पूर्वी एक कर्णा होता, तो दोन वर्षांपूर्वी खारं पाणी शिरून बंद पडला. त्यामुळे मी काय ऐकतो ते जगात फक्त फेलेतीला कळायचं. आणि बापाला दोनदा हाक मारायची आमच्याकडे पद्धत नाही. लोलोहेआ एकदा बोलायची, तो “हं” म्हणायचा, आणि बोलणं संपायचं.

सलग दोन आठवडे गाणारा देवमासा सापडला नाही. पाहुणेघराच्या मालकिणीनं निरोप धाडला, की शनिवारी शेवटचं बघू, नाहीतर सोमवारपासून आमचे पाहुणे दुसऱ्या बोटीनं जातील. फेलेती म्हणाला, “मग ‘लूपे’ वाळूवर ओढून ठेवू.” त्यानं ते इतक्या सहज म्हटलं की लोलोहेआ रडायला लागली. तेही त्याला ऐकू गेलं नाही.

शनिवारी बोटीवर चार पाहुणे होते आणि पाचवी मेलेनाइते, फेलेतीची थोरली बहीण. पलीकडच्या बेटावर नात्यातलं लग्न होतं आणि ती आहेराच्या चटयांचं भलंमोठं भेंडोळं घेऊन निघाली होती. वाटेत तिला उतरवायचं होतं. आमच्याकडे बहीण-भाऊ शेजारी बसून गप्पा मारत नाहीत. ती पुढच्या टोकाला चटयांवर, तो मागं सुकाणूपाशी. काही सांगायचं तर मधे लोलोहेआ.

“लोलोहेआ, बापाला सांग हळू घे. चटया भिजल्या तर नवरीच्या आईला तोंड मी द्यायचंय.”

“सांगते, आत्या.”

“आणि त्याला झालंय काय गं? गेले दोन रविवार चर्चमध्ये सगळे गायचे थांबले तरी हा आपला सुरूच.”

“रंगात आले असतील बाबा.”

“रंगात! पाद्री बघत राहिला होता.”

हे मला कसं कळलं? बोटीवरचं बोलणं तळातून पाण्यात उतरतं, आणि मी बादलीत असलो तरी बोटीतच असतो. बाकीचं लोलोहेआनं पुढे इतक्या वेळा सांगितलंय की मला तोंडपाठ आहे.

एका उंच कड्याच्या सावलीत बोट थांबली. इंजिन बंद झालं. मला सोडलं. आणि मित्रांनो, खाली तो होता! अगदी खाली. इतक्या जवळून माझ्यासमोर कधी कुणी गायलं नव्हतं. माझं रबर थरथरत होतं.

“काही नाही,” फेलेती वरून म्हणाला. “मेलंय हे. लोलोहेआ, ओढ वर. घरी गेल्यावर वायर कापू.”

वायरीला झटका बसला. मी दोन हात वर गेलो. तोंड नसल्याचं दुःख मला त्या दिवशी जितकं झालं तितकं कधी झालं नव्हतं.

“थांब गं,” मेलेनाइते म्हणाली. “मेलेलं कसं वाजतं ते मला ऐकायचंय. बापाला सांग, डोक्यावरचं ते इकडं दे.”

बापाच्या वस्तूला मुलीनं हात लावायचा नसतो. पण थोरल्या बहिणीनं काही मागितलं तर भावानं नाही म्हणायचं नसतं. लोलोहेआनं खुणेनं सांगितलं. त्यानं हेडफोन काढून स्वतः पुढे नेऊन दिला आणि परत जाऊन समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

“अगं बाई!” मेलेनाइते किंचाळली. “खाली कुणाची गाय व्यालीय का?”

“आत्या, ऐकू येतंय?”

“येतंय म्हणजे? पडदे फाटतील माझे! आवाज कमी कुठून करायचा ह्याचा?”

बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. लोलोहेआनं ते अर्ध्यावर आणलं, मग आणखी कमी केलं. तरी मेलेनाइतेला स्पष्ट ऐकू येत होतं. तिनं भावाच्या पाठीकडे पाहिलं.

“फेलेती,” मेलेनाइते म्हणाली. मधे भाची न घेता, सरळ.

उत्तर आलं नाही.

“फेलेती.”

खाली तेवढी खाट ओढल्याचा आवाज. थोरल्या बहिणीनं हाक मारावी आणि भावानं ओ देऊ नये, असं वावाऊत कधी कुणी ऐकलेलं नाही. मेलेनाइतेनं बोटीच्या फळीवर पाय आपटला. तो धक्का तळातून मला लागला आणि फेलेतीला तळपायाला. तो वळला.

“ताई? काही म्हणालीस?”

“दोनदा म्हणाले,” ती मोठ्यानं म्हणाली.

फेलेतीनं तिच्या डोक्यावरच्या हेडफोनकडे पाहिलं.

“यंत्र चांगलं आहे?” फेलेतीनं विचारलं.

“चांगलं आहे.”

“मग माझेच कान गेले.”

“गेलेत.”

माझी सुटका झाली होती. पण खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. त्या क्षणी मला माझं रबर फाटलेलं चाललं असतं.

“मला वाटलं, सगळेच हल्ली हळू बोलायला लागलेत,” तो म्हणाला. “मग वाटलं, हे यंत्र.”

“वाटलं, की वाटून घेतलंस?”

या वेळी त्याला ऐकू आलं होतं. उत्तराऐवजी त्यानं सुकाणूला हात घातला. मग म्हणाला, “बोट वाळूवर घेऊ. बहिऱ्यानं देवमासे शोधायचे नसतात.”

“नकोत शोधू. बोट चालव! हात गेलेत का तुझे?” मेलेनाइतेनं हेडफोन काढला आणि भाचीपुढे धरला. “घाल.”

“आत्या, नको. बाबांच्या डोक्यावरचा आहे.”

“तुझ्या बापापेक्षा मोठं कोण?”

“तू.”

“मग घाल.”

लोलोहेआनं एका हातात माझी वायर धरली होती. दुसऱ्या हातानं तिनं हेडफोन घातला. आणि मग, कर्णा बंद पडल्यापासून पहिल्यांदा, तिनं ऐकलं. ती हळूच काहीतरी म्हणाली.

“काय?” फेलेती म्हणाला.

ती पुन्हा पुटपुटली.

“काय म्हणतेय ही?”

“ओरड की!” मेलेनाइते म्हणाली.

“बाबांवर ओरडू? पाहुण्यांसमोर?”

“ओरड. पाप लागलं तर माझ्या माथी.”

“बाबा!” लोलोहेआ अशी ओरडली की कड्यावरचे पक्षी उडाले. “आपल्या खालीच आहे तो! अगदी खाली!” आणि तेवढ्यात गाणं थांबलं. “अगंबाई, बाबा, थांबला! माझ्यामुळे पळाला का?”

“पळत नाही तो,” फेलेती म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जुना फेलेती परत आलेला मी ऐकला. “गाणं थांबलं म्हणजे श्वास घ्यायला निघाला. प्रवाहाकडे तोंड करून येईल. सगळ्यांनी खाली बसा. डावीकडे बघा.”

कुठे बघायचं हे लोलोहेआला सांगता आलं नसतं. कधी बघायचं हे फेलेतीला कळलं नसतं. माझ्या शेजारून पाण्याचा एक डोंगर हळूच वर गेला, आणि डावीकडे, बोटीपासून थोड्याच अंतरावर, फूस्स करून श्वास सुटला. पाहुणे ओरडले, हसले, त्यातली एक बाई रडली. मेलेनाइतेच्या चटया भिजल्या. तिनं त्या नुसत्या झटकल्या.

तेव्हापासून हेडफोन लोलोहेआचा आहे. रोज सकाळी फेलेती स्वतः तो दोन्ही हातांनी तिला देतो. पाहुणेघराचे पाहुणे अजून आमच्याच बोटीवर येतात. मी जे ऐकतो ते ती ऐकते आणि बापाला ओरडून सांगते, दिवसातून शंभर वेळा. दुसऱ्या बोटीवाले हात तोंडाशी धरून विचारतात, “काय फेलेती, आज पोरीनं किती वेळा झापलं?” तो म्हणतो, “ऐकू आलं नाही,” आणि सुकाणू वळवतो.

माझं रबर आता चिरलंय. एक दिवस खारं पाणी आत शिरेल आणि मी खरोखरच गप्प होईन. त्याचं काही नाही. पण एक मागणं आहे. मित्रांनो, एखादी वस्तू बंद पडली असं वाटलं, तर ती टाकण्याआधी एकदा दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन बघा. आणि घरातलं कुणी दोनदा हाक मारूनही वळलं नाही, तर ते रागावलंय असं समजून गप्प बसू नका. जवळ जा आणि मोठ्यानं हाक मारा. लाज वाटली तरी हाक मारा.